अलिबागचे वकीलसाहेब : शनिवारी जाऊ नका

पाचपैकी चार चांदण्या. पाचवी का कापली ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मग कौतुक निवांत करता येईल.

साहेबांचं ऑफिस शुक्रवारी दुपारी तीनला बंद होतं ते थेट रविवारी सकाळी उघडतं. मधल्या काळात फोन केला तर वाजत राहतो. व्हॉट्सॲप नाही. झेरॉक्स काढायची तर जिना उतरून कोपऱ्यावर जायचं. आणि तुम्ही साध्या सहीसाठी गेलात तरी तासभर मोडतो, कारण ते बोलतात. माझ्यासारख्या गिरणीवाल्याला, ज्याच्या दारात डबे घेऊन बायका उभ्या असतात, हे परवडत नाही.

आता काम काय होतं ते. इस्रायल आळीतल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आमची पिठाची गिरणी आहे, वडिलांपासून, भाड्याने. मालक १९७१ साली वारले. पाची मुलं एकेक करून इस्रायलला गेली. भाडं ठाण्याला त्यांच्या चुलतभावाकडे पोचवायचो. तीन वर्षांपूर्वी त्यांचाच निरोप आला, ‘घर तूच घे.’ भाव ठरला, बँकेत कर्जाचं बोलून झालं, आणि मग मिळकत पत्रिका काढली तर मालक अजून तेच, पन्नास वर्षांपूर्वी गेलेले. त्यातही नाव मुसाजी आबाजी. वारसांच्या कागदांवर वडिलांचं नाव मोझेस अब्राहम.

आधीच्या वकिलाने (नाव घेत नाही) सांगितलं होतं, ‘वारसांचं प्रतिज्ञापत्र करू, महिन्यात काम.’ पैसे घेतले, अर्ज परत आला. मग ठाण्याच्या काकांनी या साहेबांकडे पाठवलं. वय अठ्ठ्याहत्तर, स्वतः बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांच्यात काम करत नाहीत. दाराच्या चौकटीला उजवीकडे एक छोटी तिरपी डबी ठोकलेली आहे, मेझुझा, आत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळींचा कागद. आत जाताना ते बोट लावून ओठांना लावतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तसंच केलं, तर हसले. म्हणाले, ‘अरे गिरणीवाल्या, तू नुसत्या चपला काढ.’

पहिल्याच बैठकीत त्यांनी गाठ कुठे आहे ते दाखवलं. आपल्या हिंदूंमध्ये कोणी मृत्युपत्र न करता गेलं तर कोर्टातून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मयताच्या मिळकतीची व्यवस्था बघायचा कोर्टाचा अधिकार) आणायची सक्ती नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात त्या सवलतीची यादी आहे : हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन, पारशी, भारतीय ख्रिश्चन. ज्यू त्या यादीत नाहीत. ‘आम्ही मोजके, कोणाच्या लक्षातच आलो नसू,’ इतकंच म्हणाले. हिस्सेही त्याच कायद्याने : बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलगा-मुलगी न बघता सारखं. (आमच्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत लग्न झालेल्या बहिणींना बरोबरीचा हक्क देणारा केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं, हे माझ्या आत्याने ऐकलं असतं तर!) वारस परदेशात, म्हणून त्यांच्या मुखत्याराच्या नावाने अर्ज. कुलमुखत्यारपत्रं तिकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी खरेपणाचा शिक्का, होऊन आली. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायला हवा. तो दिवस साहेबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने गोल करून ठेवला होता.

राहिलं नाव. मुसाजी म्हणजेच मोझेस, हे कोर्टाला कसं पटवायचं? साहेब म्हणाले, आमच्यात दोन-दोन नावं पूर्वीपासूनचीच. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये पहिली मशीद बांधली ती सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी, आणि कोकणात त्यांना सामाजी हसाजी म्हणत. (सिनेगॉगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाला, जुनी माणसं मशीदच म्हणतात.) पण इतिहास पुरावा होत नाही. मग एका सकाळी मला घेऊन कबरस्तानात गेले. गवत गुडघाभर. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली आणि धोतराचा फाटका तुकडा. पाऊण तास शोधून दगड सापडला. त्यांनी खाली बसून ओल्या फडक्याने अक्षरं पुसली. वरच्या ओळी हिब्रू, त्या त्यांनी वाचल्या. खालच्या मराठी. म्हणाले, ‘तू वाच.’ मी वाचलं : मोझेस अब्राहम ऊर्फ मुसाजी आबाजी. त्या ‘ऊर्फ’चा फोटो अर्जाला जोडला. निघताना फाटकाशी हात धुतले आणि उरलेलं पाणी माझ्या हातावर ओतलं.

त्या तासभर बोलण्यातून बाकीचं कळत गेलं. मशिदीच्या ट्रस्टचे हिशेब तेच लिहितात. गावाकडचा जन्मदाखला कोणाला हवा असेल तर इस्रायलहून फोन यांनाच येतो, त्याची फी घेत नाहीत. मुलगी अश्दोदला, मुलगा लोदला, दोघंही ‘पप्पा, या आता’ म्हणतात. त्यांची बायको गुडघ्यांनी घरातच, म्हणून दुपारी एकला हे घरी जाऊन स्वतः भात लावतात. का जात नाही विचारलं तर म्हणाले, ‘प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मी गेलो की नऊ.’

रागवायचा प्रसंगही आला. खरेदीखताची नोंदणी शुक्रवारी होती. सर्व्हर बंद. अडीच वाजता साहेब उठले, ‘सोमवारी.’ मी भडकलो, ठाण्याचे काका मुद्दाम आलेले! माझी आजी या बेने इस्रायलांना शनिवार तेली म्हणायची, तेच तोंडातून गेलं. साहेब शांतपणे म्हणाले, ‘शनिवारी घाणा बंद, म्हणूनच तेली ओळखू यायचे. तुझी गिरणी सोमवारी बंद असते ना? मग ये सोमवारीच.’ काकाही त्यांच्याबरोबर उठले. सोमवारी वीस मिनिटांत काम झालं. सगळं मिळून एकवीस महिने लागले.

फी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतात, नंतर एक रुपया वाढला नाही. घर झाल्यावर त्यांच्याकडे मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या विधीला, बोलावलं होतं. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, फळं. पोहे आमच्याच गल्लीतले होते.

जाणार असाल तर जुनी कागदपत्रं सगळी न्या, फाटकीसुद्धा. श्रावणाच्या आसपास त्यांचा बिरड्याचा सण असतो, त्या दिवशी उपास, काम नाही. जिना अंधारा आहे, वरच्या पायरीला तुळई डोक्याला लागते.