जिन घरी मुरवायची तर व्होडकात का फेणीत?

घरात काजू फेणीची बाटली पडून असली की डोक्यात हटकून येतं, व्होडका विकत कशाला आणा, यातच जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारी सुकी फळं) टाकू आणि झाली जिन. मी दोन्ही करून बघितलंय, फोंड्याच्या घरी दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवून, सामान अगदी सेम.

750 मिलीला दोन टेबलस्पून जुनिपर बेरी, एक चमचा धणे, दोन वेलच्या, दालचिनीचा छोटा तुकडा, आणि आपलं म्हणून तीन-चार तिरफळं, बांगड्याच्या उडदमेथीत घालतो तीच, आतलं बी काढून. एक दिवस मुरवायचं, मग लिंबाची साल घालून अजून काही तास, की लगेच गाळायचं. सालीचा पांढरा भाग अजिबात नको, आणि साल आत विसरायची पण नाही, मी एकदा चार दिवस विसरलो आणि जे कडू झालं ते शेवटी बेसिनमध्ये ओतलं.

व्होडकाला स्वतःचा वास जवळजवळ नाही त्यामुळे जुनिपरचा तो देवदारासारखा वास सरळ पुढे येतो, आणि जिन म्हणजे शेवटी तेच, जुनिपर पुढे पायजे. रंग पिवळसर येतो, घाबरू नका, दुकानातली पांढरी असते कारण ती मसाल्यासकट परत डिस्टिल करतात, आपण नुसती मुरवतोय. बर्फ-टॉनिक घातल्यावर थोडी गढूळ दिसली तर ती आतली तेलं, बाकी काही नाही.

फेणीत मात्र काजूच्या बोंडाचा वास एवढा दांडगा की जुनिपर शोधावं लागतं. धड फेणी नाही धड जिन नाही. माडाची फेणी जरा सौम्य, पण तरी नकोच. आणि हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, तर विचारूच नका, तिची स्ट्राँगनेस कमी, टिकत पण नाही, ती उन्हाळ्यात लिम्का-मिरची घालून प्यायची वस्तू. फेणीत मुरवायचंच असेल तर दुकशिरीची (अनंतमुळाची) मुळं घाला, आपल्याकडे ते आधीपासून करतातच, आणि जुनिपरचे पैसे पण वाचतात.

पैसे वाचवायला म्हणून घरी करत असाल तर राहू द्या. ग्रेटर दॅन, हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स, या सगळ्या जिन गोव्यातच बनतात, सरळ बाटली आणा. तिरफळाची पायजे असेल तर मात्र घरीच करावी लागेल. जुनिपर काष्ठौषधीच्या दुकानात हपुषा म्हणून मिळतं, पण जुनिपरची एक जात विषारी असते, म्हणून मी खाण्यासाठीचं असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलंच घेतो.

ती फेणीवाली बरणी शेवटी मामाने संपवली. खोकल्याला बरी म्हणाला.