एमजीबीचा तळ: रबर कोटिंग की मेण?

कोथरूडच्या एका मित्राने जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, रंगवायला काढली आहे. रंग ठरला, पण तळाला रबराचं जाड कोटिंग मारावं की गंजरोधक मेण, इथे घोडं अडलंय.

१९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. दारांखालचे पोकळ सिलच बॉडीचा भार पेलतात आणि गंज तिथे आतून लागतो. म्हणून माझ्या लेखी टिकाऊपणा सगळ्यात आधी. रबर कोटिंग खडीचा मार छान झेलतं. पण त्याला बारीक चीर गेली की पाणी आत शिरून तिथेच मुरतं. वरून सगळं काळंभोर, धडधाकट. खाली पत्र्याची चाळण. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्याशिवाय कळतही नाही. मेण मऊ राहतं, सांध्यांत झिरपतं, लांब नळीने सिलच्या आत मारता येतं. तिथे रबराचा काही उपयोग नाही.

मेहनत मात्र मेणाला जास्त. एक-दोन वर्षांनी, पावसाळ्याआधी, तपासून पुन्हा मारायचं आणि निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. खर्चही तसाच, थोडा पण वारंवार.

क्रम चुकवू नका: वेल्डिंग, एपॉक्सी प्रायमर, रंग आणि शेवटी मेण. मेणावर रंग धरत नाही, शिवाय वेल्डिंगच्या ठिणगीने ते पेट घेतं.

गाडी रविवारपुरती निघणार असेल तर सगळीकडे मेणच. ताम्हिणीसारख्या घाटात नेहमी जाणार असेल तर चाकांच्या कमानींत प्रायमरवर रबर, सिलमध्ये मेण.