आई-बाबांसह पाच जणांचा आरोग्य विमा : जवळपास वर्षभर वापरल्यानंतर

आमचं घर पाच जणांचं. मी आणि बायको चाळिशीच्या उंबरठ्यावर, मुलगी सातवीत, आई त्रेसष्टची, बाबा बहात्तरचे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सगळ्यांच्या विम्याची सोय लावली. आता पहिलं नूतनीकरण तोंडावर आलंय आणि मधल्या काळात आईच्या मनगटाचं ऑपरेशन होऊन क्लेमही झाला, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून बघितलेलं आहे. माझ्या मते पॉलिसी स्वस्त की महाग हे हप्त्याच्या पावतीवर ठरत नाही, डिस्चार्जच्या दिवशी ठरतं.

पाचही जणांची एकच फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम असलेली पॉलिसी, घ्या असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तसं केलं नाही, कारण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या दराने मुलीचाही हप्ता भरण्यात अर्थ नव्हता. शिवाय आईचा मोठा क्लेम झाला तर उरलेल्या वर्षात बाकीच्यांच्या वाट्याला काय राहणार? म्हणून तीन वाटा केल्या. आम्हा तिघांना पाच लाखांची फ्लोटर आणि वर सुपर टॉप-अप, आईला स्वतंत्र आरोग्य संजीवनी, बाबांना आयुष्मान वय वंदना कार्ड.

बाबांचं आधी सांगतो, कारण त्याला पैसे लागले नाहीत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधारवर ई-केवायसी करून मोबाईलवरच कार्ड निघालं. घरात सत्तरीच्या पुढचे दोघे असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात, आणि सत्तरीच्या आतल्यांना हे कार्ड चालत नाही, म्हणून आई त्यात बसली नाही. कार्ड वापरायची वेळ अजून आलेली नाही. पण जवळच्या दोन अंगीकृत रुग्णालयांत जाऊन आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला) विचारून आलो. तिथे कळलं की रुग्णालय यादीत असलं तरी सगळे विभाग यादीत असतात असं नाही. हृदयविकारासाठी कुठे न्यायचं आणि हाडाच्या दुखण्याला कुठे, हे मी आता कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. ज्यांना हप्ता भरणं खरंच जड जातं त्यांनी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघावी. २०२३च्या निर्णयानंतर तिची मर्यादा पाच लाखांवर गेली आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ती खुली झाली. उपचार ठरावीक यादीतलेच मिळतात, पण यादीत असले तर हाताशी असलेली गोष्ट सोडू नये.

आता आईची पॉलिसी. तिला आठ वर्षांपासून साखर आणि बीपी. आरोग्य संजीवनी ही विमा नियामकाने एप्रिल २०२०पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेली प्रमाणित पॉलिसी आहे, मूळ अटी कुठेही सारख्याच. त्यामुळे तुलना सोपी होते : हप्ता, जवळची नेटवर्क (कंपनीशी करार असलेली) रुग्णालयं आणि क्लेमचा लौकिक एवढंच बघायचं. पाच लाखांसाठी वर्षाला सोळा-सतरा हजार पडतात. खरेदी २२ सप्टेंबर २०२५ नंतर केली, म्हणून वैयक्तिक पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटी लागला नाही.

अर्ज भरताना एजंट म्हणाला, "साहेब, शुगरचं लिहू नका. उगाच लोडिंग लागेल, मेडिकलला बोलावतील." मी लिहायला लावलं. किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या, सगळं. लोडिंग म्हणजे जादा हप्ता लागला, तपासण्या झाल्या, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांची प्रतीक्षाही आली, म्हणजे तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. (एप्रिल २०२४पासून ही मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी चार होती.) पॉलिसीबरोबर प्रपोजल फॉर्मची प्रत येते, तीही ओळ न् ओळ वाचली. आईचं जन्मवर्ष चुकलं होतं. "चालतं हो, क्लेमला काही होत नाही," असं एजंटचं म्हणणं. मी मेल करून एंडोर्समेंट, म्हणजे दुरुस्तीचं पत्र, घेतलं. कागद हातात आल्यापासून तीस दिवसांचा फ्री लूक काळ असतो, हे काम त्यातच उरकावं. पॉलिसी पटली नाही तर परत करायचा मार्गही त्याच काळात असतो.

आजार खरे लिहिल्याचं मोल फेब्रुवारीत कळलं. आई बाथरूमच्या दारात घसरली, मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. अपघाताला सुरुवातीच्या तीस दिवसांचीही प्रतीक्षा नसते, त्यामुळे क्लेम बसत होता. पण दाखल करून घेताना डॉक्टर केसपेपरवर पूर्वीचे आजार लिहितात. त्यांनी लिहिलं : मधुमेह, रक्तदाब, आठ वर्षं. कॅशलेसची (कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरण्याची) विनंती गेल्यावर कंपनीकडून पहिला प्रश्न आला तो याचाच, मधुमेह कधीपासून आणि पॉलिसी घेताना सांगितला होता का? प्रपोजल फॉर्मवर 'आठ वर्षं' आणि केसपेपरवरही 'आठ वर्षं'. फॉर्मचं पान फोटो काढून पाठवलं आणि मंजुरी आली. फॉर्म कोरा असता तर हाताच्या ऑपरेशनचा क्लेम साखरेच्या वादात सापडला असता. म्हणून दाखल होताना माहिती सांगायला घरचं जाणतं माणूस सोबत हवं. घाईत कुणी 'दहा-बारा वर्षं असेल' असं बोलून गेलं की तेच कागदावर उतरतं आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट खोलीची. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकूंना सिंगल रूम देऊ का? इन्शुरन्स आहेच ना." या पॉलिसीत खोलीचं भाडं विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला पाच हजारांच्या वर नाही. सिंगलचे आठ हजार, दोन खाटांच्या खोलीचे साडेचार. वरचे तीन हजार आपण भरू, असं वाटणं साहजिक आहे. पण कात्री तिथे थांबत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठाला पाच, मंजूर होतात. हे खर्च सत्तर हजार धरले तर मिळतात ४३,७५०, उरलेले २६,२५० आपले. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, एवढाच दिलासा. आम्ही दोन खाटांची खोली घेतली. शेजारच्या खाटेवरच्या आजी गप्पिष्ट निघाल्या, आईचा वेळ बरा गेला.

बिल झालं एक लाख चाळीस हजार. ग्लोव्हज, किट, नोंदणी फी अशा न मिळणाऱ्या बाबींचे सहा हजार वजा. उरलेल्या १,३४,०००वर पाच टक्के को-पे (प्रत्येक क्लेममधला आपण भरायचा वाटा), म्हणजे ६,७००. आमच्या खिशातून एकूण १२,७०० गेले, कंपनीने १,२७,३०० भरले. को-पे पहिल्यापासून माहीत होता, त्यामुळे तक्रार नाही. न मिळणाऱ्या बाबींची यादी मात्र काउंटरवर आधीच मागून घ्यावी.

डिस्चार्जला संध्याकाळ झाली. नियम असा की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. आम्हाला सकाळी दहाला 'सोडतो' सांगितलं आणि अंतिम बिल टीपीए डेस्कवरून (रुग्णालयातल्या विम्याची कामं बघणाऱ्या काउंटरवरून) दुपारी दोननंतर गेलं. कंपनीचे तीन तास विनंती तिच्याकडे पोहोचल्यापासून मोजतात, डॉक्टरांच्या राउंडच्या वेळेपासून नाही. तेव्हा कंपनीच्या हेल्पलाइनवर भांडण्याआधी डेस्कवर विचारायचं : फाइल गेली का, किती वाजता गेली? हे विचारायला लागल्यावर फाइल हलली.

दाखल होण्याआधीचे तीस दिवस आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस यांतला संबंधित खर्चही मिळतो. पहिला एक्स-रे, नंतरची औषधं, तपासणीची फी, सगळ्याची मूळ बिलं पाठवली. फिजिओथेरपीवर हरकत आली, डॉक्टरांची लेखी चिठ्ठी जोडल्यावर तीही मिटली. पैसे यायला वेळ लागला आणि दर वेळी नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, याचा मात्र मनस्ताप झाला. फोनऐवजी मेलवर राहिलो म्हणून प्रत्येक उत्तर लेखी हातात राहिलं.

आम्हा तिघांच्या पॉलिसीवर क्लेम झाला नाही, म्हणून तिच्याबद्दल फार बोलत नाही. फक्त टॉप-अप घेताना 'सुपर' हा शब्द तपासा. पाच लाखांच्या वजावटीचा, म्हणजे पाच लाखांच्या वरचंच बिल भरणारा, साधा टॉप-अप असेल आणि वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणं आली तर तो काहीच देत नाही, कारण एकेका बिलाने पाच लाखांची रेषा ओलांडलेली नसते. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो आणि वरचे तीन लाख देतो. वीस लाखांच्या सुपर टॉप-अपला आम्हाला पाच हजारांच्या आत हप्ता पडला. ऑफिसची तीन लाखांची गट पॉलिसी आहे, पण ती नोकरीबरोबर जाते, म्हणून हिशेबात धरली नाही.

आईची पॉलिसी चालूच ठेवणार. साठीच्या पुढच्यांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत न करता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हा जानेवारी २०२५चा आदेश हाताशी आहे. शिवाय ती मध्येच सोडली तर आठ वर्षांच्या साखरेची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली तर झालेली प्रतीक्षा धरली जाते, पण अर्ज नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी जायला हवा. जिथे आईचं ऑपरेशन झालं ते रुग्णालय पुढच्या वर्षीही नेटवर्कमध्ये राहणार का, असा मेल कंपनीला केलाय. 'नाही' असं उत्तर आलं तरच पोर्टचा अर्ज भरणार.