गिट आणि रेस्टिक: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या उन्हाळ्यात हार्ड डिस्क गेली तेव्हा आमच्याकडे बॅकअप नव्हता असं नाही. पेनड्राइव्हवर 'बिलिंग फायनल', 'बिलिंग फायनल २' आणि 'बिलिंग चालू' अशी तीन फोल्डर होती. कारखान्यांत नेमकं कुठलं चालतंय, हे मात्र आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता येईना. दोन आठवड्यांचं काम पुन्हा लिहावं लागलं.

आम्ही जुळे सोलापुरात बसतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी बिलिंगचे आणि सुताच्या साठ्याचे प्रोग्राम करतो. त्या प्रकारानंतर सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकला. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलेलं हे हत्यार, तिघांच्या ऑफिसला एवढं कशाला, असं मला बरेच दिवस वाटायचं. दिवाळीच्या तोंडावर एका कारखान्यातून दिवाणजींचा फोन आला, "काय ओ सर, बिलात रुपया वाढतोय बघा."

चूक कधी शिरली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड महिन्यापूर्वीची आवृत्ती बरोबर, आजची चूक, आणि मधे सुमारे १२० कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल. गिट बायसेक्ट लावलं. ते मधोमधची आवृत्ती काढून देतं. आपण तेच बिल पुन्हा काढायचं आणि 'गुड' की 'बॅड' एवढंच सांगायचं. दर वेळी निम्मे कमिट बाद होतात. सातव्या बिलाला तो कमिट हातात आला. जीएसटीचा राउंड ऑफ आधी पूर्ण बिलावर होत होता, तो आमच्यातल्या एकाने प्रत्येक ओळीवर नेला होता. का नेला, ते त्यालाही आठवेना, कारण कमिटच्या संदेशात फक्त 'बदल' असं लिहिलं होतं. आता कुठल्या कारखान्यासाठी, काय आणि कशासाठी बदललं हे लिहिल्याशिवाय आम्ही कोड पुढे घेत नाही. नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त फायदा या एका सवयीने झाला.

वीज गेल्यावर मात्र गिटनेही त्रास दिला. ऐन कमिटच्या वेळी लाइट गेली, आणि मशीन परत चालू केल्यावर ऑब्जेक्ट फाइल (गिट ज्यात मजकूर साठवतं ती) रिकामी असल्याचा एरर. लिनक्सवर गिट मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक नवी ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबत नाही. २.३६ आवृत्तीपासून 'कोअर.एफसिंक' ही सेटिंग आहे. ती 'कमिटेड' केली की थांबतं. कमिटला किंचित वेळ जास्त लागतो, तो मी आनंदाने देतो. त्या दिवशी तारलं ते बाहेरच्या डिस्कवरच्या बेअर रिपॉझिटरीने, म्हणजे नुसता गिटचा इतिहास ठेवणाऱ्या प्रतीने. तिथून क्लोन (पूर्ण नक्कल) घेतला, चालू फाइली त्यात ठेवल्या आणि अर्ध्या तासात कामाला लागलो.

म्हणून रिमोट (कमिट जिथे पाठवायचे ती जागा) एकच ठेवलाय, पण त्याला दोन पुश पत्ते, म्हणजे पाठवायची दोन ठिकाणं, दिलेत: ही बाहेरची डिस्क आणि गिटहब या साइटवरची खाजगी रिपॉझिटरी. एकदा चुकून डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची एक मोठी फाइल) कमिट झाला आणि गिटहबने पुश परत केला, कारण तिथे १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही. पुढच्या कमिटमध्ये ती काढली तरी इतिहासात राहतेच. इतिहास धुऊन काढण्यात अख्खी दुपार गेली.

डंप, गिऱ्हाइकांची कागदपत्रं आणि सेटिंगच्या फाइली आता रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामकडे. ते सगळं एन्क्रिप्ट करूनच ठेवतं आणि सारखा मजकूर पुन्हा साठवत नाही, त्यामुळे रोजचा बॅकअप पटकन उरकतो. पासवर्ड हरवला तर मात्र डेटा उघडायचा दुसरा मार्ग नाही. आमचा वहीत लिहून घरच्या कपाटात ठेवलाय.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका जुन्या लॅपटॉपवर सगळं शून्यापासून उभं करून बघतो. पहिल्या वेळी प्रोग्राम सुरूच होईना. डेटाबेसच्या जोडणीची फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) होती आणि रेस्टिकच्या यादीतही घातली नव्हती, म्हणजे तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. परवाच्या शनिवारी क्लोन घेण्यापासून टॉवेलचं पहिलं बिल छापून हातात येईपर्यंत ४० मिनिटं लागली. त्यातली १५ प्रिंटरच्या सेटिंगला गेली. प्रिंटरच्या सेटिंगची फाइल सोमवारी रेस्टिकच्या यादीत घातली.