एक लिटरची ओआरएस पुडी: कोणती घ्यावी, कशी कालवावी

ओआरएस म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पूड. नाशिकच्या गोळे कॉलनीतलं होलसेल दुकान असो की सातपूरच्या कोपऱ्यावरचं मेडिकल, ‘ओआरएस द्या’ म्हटलं की साधारण तीन गोष्टी समोर येतात. एक लिटर पाण्यासाठीची २१ ग्रॅमच्या आसपासची पुडी, २०० मिलिलिटरची चार-साडेचार ग्रॅमची छोटी पुडी आणि स्ट्रॉ चिकटवलेला तयार पेयाचा खोका. घरात ठेवायला आमची निवड पहिली. वीस-पंचवीस रुपयांत मिळते, आणि आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे तर फुकट.

पण पुढच्या बाजूचं नाव वाचून घेऊ नका, मागचा तक्ता वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. विरघळल्यावर लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल (मिलिमोल हे वजनाचं नाही, कणांच्या संख्येचं माप), म्हणजे दोन्हींचे कण सारखेच. ही जोडी उगाच नाही. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज एकत्रच आत घेणारी एक वाट आहे, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबात बाकीचं बिघडलं तरी ही वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. म्हणजे पुडीतलं ग्लुकोज ‘ताकद यावी’ म्हणून नाही, सोडियम आत जावं म्हणून आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पूर्वी सूत्रात सोडियम ९० होतं. २००२ मध्ये ते कमी केलं, कारण थोड्या पातळ द्रावणाने जुलाब आणि उलट्या दोन्ही कमी होतात.

खोक्यांबद्दल स्पष्ट सांगतो. काहींत खरं सूत्र असतं, पण १०० मिलिलिटरला आठ-दहा ग्रॅम साखर आणि नावापुरतं सोडियम असलेलीही पेयं याच फळीवर असतात. खऱ्या ओआरएसमध्ये १०० मिलिलिटरला ग्लुकोज जेमतेम १.३५ ग्रॅम. जादा साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ते योग्यच झालं. तरीही तक्ता वाचायची सवय सोडू नका.

एक लिटरच्या पुडीची खरी अडचण घरी सुरू होते. पेलाभर पाण्यात पुडीतली चमचाभर पूड टाकायची आणि उरलेली रबर लावून ठेवायची, ही चूक सर्रास होते. पूड आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही आणि पेला किती मिलिलिटरचा हे कुणालाच ठाऊक नसतं. द्रावण घट्ट झालं तर बाळाच्या रक्तात सोडियम चढतं: तहान, चिडचिड, पुढे झटके. फार पातळ झालं तर गेलेलं सोडियम भरून निघत नाही. रक्तात ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या मध्ये राहावं लागतं. जुलाबात नुसतं साधं पाणी पाजत राहिलं तर ते खाली घसरतं, मेंदूच्या पेशी फुगतात आणि माणूस भांबावतो.

म्हणून माप पक्कं करा. विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली याला उत्तम: पाणी स्वच्छ पातेल्यात ओता, पूर्ण पुडी टाका, ढवळा, झाका. पाणी उकळायचं असेल तर आधी उकळून गार करा, पूड घातल्यावर उकळू नका. वरून साखर, मीठ, सरबत काही नाही. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागता कामा नये. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, मोठ्यांना मागतील तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्या. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. डॉक्टरांना विचारून लहान मुलांना झिंकही १४ दिवस द्यावं. शौचात रक्त, सुस्ती, पाणीही न पिणं, सहा तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर पुडीवर विसंबू नका, दवाखाना गाठा.

छोटी पुडी प्रवासाला चांगली, सप्तशृंगी गडावर जाताना पिशवीत टाकायला सोयीची. पण घरात दोन्ही आकार एकत्र ठेवू नका. घाईत छोटी पुडी लिटरभर पाण्यात जाते, आणि मोठी पेल्यात गेली तर त्याहून वाईट.

उन्हाळ्यात रोजचं पेय म्हणून मात्र ओआरएस घेऊ नये. एका लिटरमध्ये सुमारे १,७२५ मिलिग्रॅम सोडियम असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २,०००. जेवणातलं मीठ, पापड, लोणचं, मिसळीवरचं फरसाण वेगळंच. द्राक्षाच्या बागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याला पाणी, मीठ घातलेलं ताक आणि वेळेवर जेवण बहुधा पुरतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, विशेषतः टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही शरीरात पोटॅशियम अडवणारी औषधं घेणाऱ्यांनी, पुडीतल्या पोटॅशियममुळेही आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह आहे म्हणून जुलाबात ओआरएस टाळणं मात्र चूक. ते प्या आणि साखर तपासत राहा.

घेताना पुडी हलवून पाहा. पूड सुटी वाजली पाहिजे. पावसाळ्यात दमट फळीवर राहिलेली चिकट किंवा तपकिरी झाली असेल तर परत करा, आणि मुदतीची तारीख दुकानातच वाचा.