परदेशी मदतीला कात्री: अमेरिकेची रीत की ब्रिटनची?

परदेशी मदतीवरचा सरकारी खर्च कमी करावा का, यावर मत बनवताना बहुतेक जण रक्कम बघतात. आमच्या मते कपातीची रीतही तितकीच तपासायला हवी, कारण त्याच रकमेच्या कपातीतून होणारे नुकसान रीतीनुसार खूप बदलते. अलीकडच्या दोन मोठ्या कपातींत हा फरक स्पष्ट दिसतो.

अमेरिका: आधी थांबवले, छाननी नंतर

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या 20 जानेवारी 2025 च्या आदेशाने परदेशी मदतीला 90 दिवसांची स्थगिती दिली. काही दिवसांतच चालू कंत्राटांनाही काम थांबवण्याच्या सूचना गेल्या. जीव वाचवणाऱ्या कामांना सूट जाहीर झाली खरी, पण बिले मंजूर करणारे कर्मचारी रजेवर पाठवलेले आणि पैसे वळते करणारी यंत्रणा ठप्प, त्यामुळे ती बरीचशी कागदावरच राहिली. परदेशी मदत वाटणाऱ्या ‘यूएसएड’ या सरकारी संस्थेचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे 10 मार्चला जाहीर झाले आणि जुलैपासून तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले.

यात आधीच खर्च झालेला पैसाही वाया गेला. दुबईच्या गोदामातली सुमारे 500 टन पौष्टिक बिस्किटे मुदत संपेपर्यंत वाटली गेली नाहीत. ती नष्ट करायलाही वेगळा खर्च आला. झालेल्या कामाची सुमारे 2 अब्ज डॉलरची बिले थकली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औषधांचे नुकसान आणखी गंभीर. एचआयव्हीच्या गोळ्या बंद झाल्या की साधारण काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि सारखा खंड पडला तर तीच औषधे निकामी ठरण्याचा धोका असतो. रस्त्याचे काम सहा महिने थांबवून पुन्हा सुरू करता येते, उपचारांचे तसे नाही.

ब्रिटन: टक्का खाली आणला

ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदतीचे लक्ष्य 2015 मध्ये कायद्यात घातले. कोविडनंतर, 2021 पासून, ते 0.5 वर आणले. फेब्रुवारी 2025 मध्ये संरक्षणखर्च वाढवण्यासाठी 2027 पर्यंत 0.3 वर जाण्याची घोषणा झाली. या दुसऱ्या टप्प्यात निदान दोन वर्षांची पूर्वसूचना आहे, आणि तीच या रीतीची जमेची बाजू.

हिच्यातली खोट मात्र चटकन दिसत नाही. जागतिक संस्थांना दिलेली वचने अनेक वर्षांची असतात, ती मधेच मोडणे कठीण असते. म्हणून कात्री देशोदेशींच्या थेट प्रकल्पांवर जास्त चालते. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निर्वासितांवर त्यांच्या पहिल्या 12 महिन्यांत मायदेशी होणारा काही खर्चही ‘परदेशी मदत’ धरता येतो. 2023 मध्ये ब्रिटनच्या मदतीतला चौथ्या हिश्शाहून अधिक पैसा असा ब्रिटनमध्येच खर्च झाला. म्हणजे टक्का तोच राहूनही बाहेर जाणारी रक्कम घटू शकते.

बचत किती?

अमेरिकेत परदेशी मदत केंद्रीय खर्चाच्या सुमारे 1 टक्का होती. जनमत चाचण्यांत लोकांचा सरासरी अंदाज मात्र 25 टक्क्यांच्या आसपास येतो. त्यामुळे ‘कपातीने तूट भरून निघेल’ हा युक्तिवाद टिकत नाही. ‘परक्या पैशावर आरोग्यसेवा कायम चालू नये’ या युक्तिवादात मात्र तथ्य आहे. उदाहरणार्थ, नायजेरियाच्या संसदेने 2025 मध्ये आरोग्यासाठी 20 कोटी डॉलर जादा मंजूर केले. पण अशी तरतूद अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकात बसवावी लागते आणि गरीब देशांना तेही सहसा जमत नाही.

निवडायचेच असेल तर

कपात करायचीच, तर टप्प्याटप्प्याची रीत निःसंशय बरी. मात्र कोणत्याही प्रस्तावाला पाठिंबा देण्याआधी चार गोष्टी विचारा. चालू कंत्राटे पूर्ण होणार की मधेच तुटणार? मायदेशातला निर्वासित-खर्च वेगळा दाखवला आहे का? सूट दिलेल्या कामांचे पैसे नेमके कोण सोडणार, आणि ती माणसे नोकरीवर आहेत का? औषधे आणि कुपोषित मुलांचा आहार यांची पुढची मागणी नोंदवली आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर टक्का कितीही असो, तो प्रस्ताव परत पाठवावा. कारखान्यातून दवाखान्यापर्यंत माल पोहोचायला महिने लागतात, आणि आज न नोंदवलेल्या मागणीचा तुटवडा कपातीची चर्चा संपल्यावर जाणवतो.