सेड सोडून पायथनची स्क्रिप्ट: काही महिने वापरल्यानंतर

हॉटेलांची मेनूकार्डं आणि दरपत्रकं यांच्या एचटीएमएल फाइली सांभाळणं हे माझं रोजचं काम. भाव वाढले की ढीगभर फाइलींत तोच मजकूर बदलायचा. आधी सेड (कमांड देऊन मजकूर शोधून बदलणारं साधन) वापरायचो, पण आमच्याकडे भाव लिहितात ‘रु. २५०/-’ असा. सेडच्या कमांडमध्ये जुना आणि नवा मजकूर तिरक्या रेघेनेच वेगळा करतात, त्यामुळे भावातल्या रेघेपाशी सेडला मजकूर संपला असं वाटतं, आणि टिंब म्हणजे त्याच्या लेखी कुठलंही एक अक्षर. मजकूर वेगळा करायला रेघेऐवजी # वापरला की निम्मं दुखणं जातं. खरा छुपा रुस्तम &. बदलीच्या मजकुरात त्याचा अर्थ सेड ‘सापडलेला जुना मजकूर’ असा घेतो. ‘चहा-नाश्ता’ काढून ‘चहा & नाश्ता’ घालायला सांगा, फाइलीत येतं ‘चहा चहा-नाश्ता नाश्ता’. एररही येत नाही!

आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट आहे. जुन्या-नव्या मजकुराच्या जोड्या वेगळ्या फाइलीत, मध्ये टॅब. शेलमधून, म्हणजे कमांड टाइप करतो तिथून, मजकूर जातच नाही, त्यामुळे $ आणि अवतरणचिन्हांची कटकट संपली. बदल साध्या रिप्लेसने, रेग्युलर एक्स्प्रेशनला (टिंबासारख्या खास चिन्हांनी मजकुराचा नमुना सांगण्याच्या पद्धतीला) हातही लावलेला नाही. उलट ‘/-’ आता कामाला येतं: नुसतं ‘रु. २५०’ शोधलं तर ‘रु. २५००’ही बिघडेल, ‘/-’सकट शोधलं की नाही. फाइल उघडताना यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) स्पष्ट सांगायचं आणि न्यूलाइन हा पर्याय रिकामा ठेवायचा, नाहीतर ओळींचे शेवट बदलून गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते.

तरीही ‘पुऱ्या’ काही फाइलींत सापडतच नव्हत्या. डोळ्यांना शब्द तोच. कोड पॉइंट (प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक) छापून पाहिले तेव्हा कळलं: कुठे ऱ आणि हलन्त, तर कुठे साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून स्क्रिप्ट आधी दुसरं रूप पहिल्यात बदलते, मग शोधते. जॉइनर सरसकट उडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ‘पुऱ्या’च्या ‘पुर्या’ होतील आणि ग्राहकाचा फोन येईल.

लॉगमध्ये (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींच्या फाइलीत) एखादी ओळ बदलायला अजून सेडच बरा, पटकन होतं. वर्डच्या फाइलींना मात्र ही स्क्रिप्ट चालत नाही. वर्डची .docx फाइल आतून झिप असते आणि एकच शब्द तुकड्यांत विखुरलेला असू शकतो. तिथे मी सरळ साधा मजकूर मागवून घेतो.